परकीय सहकार्य आणि रुग्णालयाचे स्वावलंबन : नेत्रसेवेतील काही धडे



वार्षिक अहवालात आकडे असतात, तसा एखाद्या प्रश्नाचा विचारही असावा, या भूमिकेतून प्रस्तुत अभ्यासलेख आपल्यापुढे ठेवीत आहोत. परदेशी स्थायिक झालेल्या काही हितचिंतकांनी आपल्या नेत्रविभागासाठी यंत्रसामग्री व तज्ज्ञांचे साहाय्य मिळवून देण्याची तयारी दाखविली आहे. हा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या विचाराधीन आहे. अशा प्रसंगी मन आनंदून जाते आणि होकार देण्याची घाई होते, हे स्वाभाविक आहे. तथापि, प्रशासन कार्यालयात बसून जमाखर्च पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना एक प्रश्न विचारावाच लागतो : पाहुणे परत गेल्यानंतर, देणगी संपल्यानंतर आणि यंत्राची हमीची मुदत उलटल्यानंतर आपल्याजवळ काय उरणार आहे?

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. आरोग्यसेवेतील आंतरराष्ट्रीय सहकार्याचा गेल्या काही दशकांचा इतिहास पाहिला, तर याच प्रश्नाच्या उत्तरावर त्या त्या उपक्रमाचे यशापयश ठरलेले दिसते. वैद्यकीय बाजू आमचे डॉक्टर अधिक अधिकाराने सांगतील. आम्ही येथे केवळ व्यवस्थापन व अर्थकारण यांच्या अंगाने, आणि मुख्यत्वे मोतीबिंदूच्या उपचाराचे उदाहरण घेऊन विचार करणार आहोत.

१. प्रश्न कोठे अडला होता?

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. पूर्वी हे गढूळ भिंग काढून टाकीत आणि रुग्णास जाड काचांचा चष्मा देत. हा चष्मा हरवला, फुटला किंवा त्याची दांडी मोडली, की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण पुन्हा जवळपास अंधच होई. शिबिरातून डोळे घेऊन गेलेली म्हातारी माणसे वर्ष-दोन वर्षांत पुन्हा कोणाच्या तरी हाताला धरून चालू लागत. ज्येष्ठ परिचारिकांना हे दिवस आठवत असतील.

यावर उपाय ठाऊक नव्हता असे नाही. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडले यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी कृत्रिम भिंग डोळ्यात बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे कण शिरत. त्या विशिष्ट प्लास्टिकचे कण डोळ्यात राहूनही दाह करीत नाहीत, हे रिडले यांच्या ध्यानी आले आणि त्यातून ही कल्पना निघाली. पुढील तीन दशकांत श्रीमंत देशांत भिंगारोपण रूढ झाले. आपल्याकडे मात्र ते पैसेवाल्यांपुरतेच राहिले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयात भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या घरात किंवा त्याहून अधिक होती. ज्या शेतमजुराची सहा महिन्यांची मिळकतही तेवढी नव्हती, त्याच्या डोळ्यात ते भिंग कोण बसविणार?

म्हणजे ज्ञान होते, कौशल्य शिकता येण्याजोगे होते आणि रुग्ण तर लाखोंनी होते. अडले होते ते किमतीपाशी.

२. मदुराईचा प्रयोग : दान घेतले आणि दानापलीकडे गेले

डॉ. जी. व्यंकटस्वामी (१९१८–२००६) हे तामिळनाडूतील नेत्रतज्ज्ञ. तरुणपणी संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. तरीही त्यांनी जिद्दीने शस्त्रक्रियेचे कौशल्य आत्मसात केले. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी मदुराई येथे अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. १९७८ मध्ये अमेरिकेत सेवा फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. भारतातील देवीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत जागतिक आरोग्य संघटनेतर्फे काम केलेले डॉ. लॅरी ब्रिलियंट हे तिच्या संस्थापकांपैकी एक. देवीचे उच्चाटन झाल्यावर आता टाळता येण्याजोग्या अंधत्वाकडे वळावे, अशी या मंडळींची भूमिका होती. डॉ. व्यंकटस्वामींशी त्यांचा संबंध आरंभापासूनच जडला.

या सहकार्याचा पहिला टप्पा परिचित स्वरूपाचाच होता. अमेरिकेतील उत्पादकांकडून दान म्हणून भिंगे मिळवायची आणि ती मदुराईस पाठवायची. त्यामुळे अनेकांना दृष्टी लाभली. परंतु दानाची भिंगे किती येतील, केव्हा येतील आणि कोणत्या क्रमांकाची येतील, हे देणाऱ्याच्या हाती होते. ज्या रुग्णालयात दररोज शेकडो शस्त्रक्रिया करावयाच्या, तेथे असा पुरवठा आधार ठरू शकत नाही. शिवाय दान थांबले, तर गरिबाला पुन्हा जाड काचांचा चष्मा आणि पैसेवाल्याला भिंग, हा भेद कायम राहणार होता.

येथे दोन्ही बाजूंनी जो निर्णय घेतला, तो आमच्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. अधिक भिंगे मागण्याऐवजी भिंगे तयार करण्याची विद्याच मागावयाची, असे ठरले. सेवा फाउंडेशनतर्फे डेव्हिड ग्रीन यांनी या कामी पुढाकार घेतला. तंत्रज्ञान अमेरिकेतून घेतले गेले, काही परदेशी सेवाभावी संस्थांनी साहाय्य केले आणि १९९२ मध्ये मदुराईत ऑरोलॅब हा धर्मादाय तत्त्वावरील कारखाना उभा राहिला. त्याच्या भिंगाची किंमत आरंभी दहा डॉलरच्या आसपास होती. पुढे साध्या, न दुमडणाऱ्या भिंगाची किंमत पाच डॉलरच्याही खाली आली. १९९८ पासून तेथे शस्त्रक्रियेचे टाकेही तयार होऊ लागले. आज ऑरोलॅबची उत्पादने शंभराहून अधिक देशांत जातात.

गुणवत्तेचा मुद्दा येथे मुद्दाम नमूद केला पाहिजे. स्वस्त म्हणजे दुय्यम, असा समज तेव्हा होता आणि आजही आहे. म्हणूनच ऑरोलॅबने आंतरराष्ट्रीय गुणवत्ता प्रमाणपत्रे मिळविण्यावर प्रारंभापासून भर दिला. पैसे देणारा रुग्ण आणि विनामूल्य रुग्ण यांच्या डोळ्यात एकाच कारखान्याचे भिंग जाऊ शकते, ही गोष्ट कोणत्याही जाहिरातीपेक्षा बोलकी होती.

३. किंमत उतरल्याने हिशेब कसा बदलतो?

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात स्थिर खर्च आणि बदलता खर्च हा भेद शिकवितात. रुग्णालयाच्या कामी तो फार उपयोगी पडतो. इमारत, शस्त्रक्रियागृह, सूक्ष्मदर्शक यंत्र, कायम कर्मचाऱ्यांचे वेतन हा स्थिर खर्च होय. रुग्ण आले न आले तरी तो चालूच राहतो. भिंग, औषधे, टाके, पट्ट्या हा बदलता खर्च. तो प्रत्येक रुग्णामागे वाढतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या शस्त्रक्रियागृहाचा वार्षिक स्थिर खर्च २० लाख रुपये आहे असे समजू. वर्षात १,००० शस्त्रक्रिया झाल्या, तर प्रत्येकीवर स्थिर खर्चाचा भार २,००० रुपये पडतो. त्याच जागेत आणि त्याच मनुष्यबळात ४,००० शस्त्रक्रिया होऊ शकल्या, तर तो ५०० रुपयांवर येतो. म्हणजे संख्या वाढविणे हाच स्थिर खर्च उतरविण्याचा मार्ग. परंतु प्रत्येक रुग्णामागे लागणारे भिंगच जर हजारो रुपयांचे असेल, तर संख्या वाढविली की तोटाही वाढतो. भिंग स्वस्त झाले तेव्हाच संख्या वाढविणे परवडू लागले, आणि संख्या वाढल्यामुळे स्थिर खर्चही उतरला. एका किमतीने दोन गाठी सुटल्या.

अरविंद रुग्णालयाने संख्येची बाजू शिस्तीने सांभाळली. एकाच शस्त्रक्रियागृहात दोन टेबले लावतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असता दुसऱ्याची पूर्वतयारी प्रशिक्षित सहायिका पूर्ण करतात, त्यामुळे शल्यविशारदाचा वेळ वाया जात नाही. या सहायिका बहुतांशी खेड्यांतील मुली असून, त्यांना रुग्णालय स्वतःच प्रशिक्षण देते. रुग्णांपैकी मोठ्या वर्गास विनामूल्य किंवा अल्पदरात सेवा मिळते आणि तिचा भार पूर्ण शुल्क देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून उचलला जातो. आज अरविंद समूहात वर्षाला चार लाखांवर शस्त्रक्रिया व उपचारप्रक्रिया होतात. दैनंदिन सेवेचा खर्च देणग्यांवर अवलंबून नाही, ही त्यातील ध्यानात ठेवण्याची बाब.

४. राष्ट्रीय कार्यक्रम आणि महाराष्ट्र

एका रुग्णालयाचे यश ही व्यवस्था नव्हे. ते यश व्यवस्थेत उतरले कसे, हेही पाहिले पाहिजे. भारताचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९७८ पासून डेन्मार्कच्या विकास संस्थेने त्यास साहाय्य केले. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प सात राज्यांत राबविण्यात आला. त्यांत आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान, तामिळनाडू, उत्तर प्रदेश यांच्यासह महाराष्ट्राचाही समावेश होता. याच काळात चष्म्याच्या जुन्या पद्धतीकडून भिंगारोपणाकडे जाण्याचे धोरण ठरले, शासकीय शल्यविशारदांना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण मिळाले, जिल्हा पातळीवर अंधत्व नियंत्रण सोसायट्या काम करू लागल्या आणि स्वयंसेवी रुग्णालयांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळू लागले. आपल्या राज्यातील अनेक धर्मादाय रुग्णालयांची मोतीबिंदू शिबिरे याच आधारावर वाढली.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. स्वस्त भिंग देशात १९९२ पासून तयार होऊ लागले होते, आणि कर्जाचा पैसा त्यानंतर आला. भिंग आयातच करावे लागले असते, तर तेवढ्याच पैशात किती कमी डोळे वाचले असते, याचा अंदाज वाचकांनी स्वतः करावा.

परिणामाविषयी थोडक्यात सांगावयाचे, तर १९८६–८९ च्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १.४९ टक्के आढळले होते. २०१५–१९ च्या पाहणीत ते ०.३६ टक्के आढळले. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलली असल्याने या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य नव्हे. तरीही घट मोठी आहे, हे निर्विवाद. त्याचबरोबर, पन्नाशीपुढील वयोगटात मोतीबिंदू हेच अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आजही आहे. काम संपलेले नाही.

५. काठमांडू आणि अस्मारा

मदुराईसारखाच विचार त्याच सुमारास अन्यत्रही चालू होता. नेपाळचे डॉ. सांडुक रुइत आणि ऑस्ट्रेलियाचे डॉ. फ्रेड हॉलोज यांची भेट १९८५ मध्ये नेपाळात झाली. डॉ. रुइत पुढे सिडनीस जाऊन डॉ. हॉलोज यांच्याजवळ शिकले, आणि परत येऊन १९९४ मध्ये काठमांडूत तिलगंगा नेत्रकेंद्र उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्या केंद्रातही भिंगनिर्मिती सुरू झाली. डॉ. हॉलोज यांनी १९८७ मध्ये एरिट्रियास भेट दिली होती, तेव्हा तो देश स्वातंत्र्ययुद्धात होता. आफ्रिकेतील या युद्धजर्जर देशाला स्वतःची भिंगे स्वतः करता आली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. १० फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने अस्मारा येथील भिंगांचा कारखाना १९९४ मध्ये सुरू झाला.

दक्षिण भारत, नेपाळ आणि एरिट्रिया यांची परिस्थिती परस्परांहून सर्वस्वी भिन्न. तरीही तिन्ही ठिकाणी साहाय्यकांनी एकच गोष्ट केली : वस्तूबरोबर ती वस्तू घडविण्याचे कौशल्य दिले आणि स्थानिक माणसाला मुख्य जागी बसविले. पाहुण्या शल्यविशारदाने चार दिवसांत केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या वृत्तपत्रात शोभून दिसते. परंतु त्याने शिकविलेला एक स्थानिक शल्यविशारद पुढील वीस वर्षे काम करतो, आणि तो आणखी दहांना शिकवितो.

६. घेणारा देणारा झाला

१९९२ मध्येच अरविंद रुग्णालयाने लायन्स संघटनेच्या आणि सेवा फाउंडेशनच्या सहकार्याने लायन्स अरविंद सामुदायिक नेत्रचिकित्सा संस्था सुरू केली. इतर नेत्ररुग्णालयांना व्यवस्थापनाचे मार्गदर्शन करणे हा तिचा हेतू. पद्धत अशी की, संस्थेचे प्रतिनिधी प्रथम त्या रुग्णालयास भेट देऊन परिस्थिती समजून घेतात. नंतर त्या रुग्णालयाचे पथक मदुराईस येऊन राहते. पथकात केवळ डॉक्टर नसतात, प्रशासक व परिचारिका प्रमुख यांनाही आवर्जून बोलावितात. तेथे ते स्वतःच्या रुग्णालयाचा आराखडा स्वतःच तयार करतात आणि पुढे त्याचा पाठपुरावा होतो. भारतासह नेपाळ, बांगलादेश आणि आफ्रिकेतील देश धरून तीनशेहून अधिक रुग्णालयांनी याचा लाभ घेतला आहे.

आम्हा प्रशासकांना या पद्धतीतील एक गोष्ट विशेष भावते. तेथे दुसऱ्या रुग्णालयाला यंत्र देत नाहीत. रुग्णनोंदणीचा क्रम, शस्त्रक्रियेची वेळापत्रके, साठ्याची नोंद, शुल्काचे टप्पे, शिबिरानंतरची फेरतपासणी अशा दिसायला किरकोळ गोष्टी शिकवितात. रुग्णालय टिकते ते बव्हंशी अशाच गोष्टींवर.

७. पैसा कोणाच्या हातातून जावा? रवांडाचा अनुभव

नेत्रसेवेबाहेरील एक उदाहरण येथे घेणे आवश्यक वाटते, कारण त्यात निधीच्या नियंत्रणाचा प्रश्न स्पष्ट दिसतो. १९९४ च्या वंशसंहारात रवांडाची आरोग्यव्यवस्था उद्ध्वस्त झाली. तज्ज्ञ डॉक्टर घडविण्यासाठी त्या देशाने २०१२ मध्ये आरोग्य मनुष्यबळ कार्यक्रम हाती घेतला. अमेरिकेतील वीसहून अधिक विद्यापीठे व संस्थांनी आपले अध्यापक तेथे पाठविले. प्रत्येक परदेशी अध्यापकाची सांगड एका रवांडन सहकाऱ्याशी घालावयाची, हे या कार्यक्रमाचे सूत्र होते.

निधीची रचनाही नेहमीपेक्षा वेगळी होती. अमेरिकी शासनाचा निधी रवांडा शासनाकडे येई आणि तेथून विद्यापीठांना दिला जाई. म्हणजे काम कोणाकडून व कोणते करून घ्यावयाचे, हे यजमान ठरवी. परदेशी संस्थांनी आपल्या प्रशासकीय खर्चापोटी ७ टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, अशीही अट होती. एरवी अशा योजनांत निधीचा मोठा हिस्सा देणाऱ्या देशातच खर्ची पडतो.

तथापि, मुख्य अमेरिकी निधी २०१७ मध्ये, मूळ योजनेच्या मुदतीपूर्वीच थांबला. कार्यक्रम त्यानंतर रवांडा शासनाला आपल्या ऐपतीनुसार लहान प्रमाणावर चालवावा लागला. जे डॉक्टर व अध्यापक तोवर तयार झाले होते, ती त्या देशाची कायमची जमा ठरली. जी कामे परदेशी अध्यापकांच्या उपस्थितीवर अवलंबून होती, ती अडचणीत आली. नियोजन कितीही चांगले असले, तरी देणाऱ्याचा निर्णय आपल्या हाती नसतो, एवढे यातून घ्यावे.

२०२५ मध्ये हे अधिक मोठ्या प्रमाणावर प्रत्ययास आले. त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकी शासनाने परदेशी साहाय्य तात्पुरते रोखले आणि १ जुलै २०२५ पासून त्या देशाच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेचे स्वतंत्र कामकाज संपुष्टात आले. अनेक गरीब देशांतील दवाखाने व औषधपुरवठा त्यामुळे थोड्याच दिवसांत विस्कळित झाला. जेथे कर्मचाऱ्यांचे वेतनच बाहेरच्या निधीतून जात होते, तेथे दरवाजे बंद करण्याची वेळ आली.

८. दानाची यंत्रे आणि त्यांचा खर्च

आता आपल्या प्रस्तावाशी निकट असलेल्या विषयाकडे वळू. पेरी व माल्किन या अभ्यासकांनी २०११ मध्ये सोळा देशांतील १,१२,०४० वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ३८.३ टक्के उपकरणे बंद अवस्थेत होती. प्रशिक्षणाचा अभाव, देखभालीच्या व्यवस्थेचा अभाव आणि वीज, पाणी यांसारख्या मूलभूत सोयींची उणीव, अशी कारणे त्यांनी नोंदविली.

जागतिक आरोग्य संघटनेने उपकरणांच्या दानासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यांचा आशय चार वाक्यांत सांगता येतो. दानाचा लाभ घेणाऱ्यास अधिकाधिक व्हावा. घेणाऱ्याच्या इच्छेचा व अधिकाराचा मान राखला जावा. जे उपकरण देणाऱ्याच्या देशात वापरण्यायोग्य नाही, ते दुसऱ्यास देऊ नये. आणि देण्यापूर्वी दोघांत पुरेसा विचारविनिमय व्हावा.

हिशेबाच्या दृष्टीने विनामूल्य यंत्र विनामूल्य नसते. पुन्हा एक कल्पित उदाहरण. १५ लाखांचे यंत्र दान मिळाले, त्याचे आयुष्य दहा वर्षे आहे आणि देखभालीचा वार्षिक करार १ लाखाचा आहे असे धरू. दहा वर्षांनी तसेच यंत्र घेता यावे, यासाठी दरसाल दीड लाख रुपये घसारा निधीत बाजूला टाकले पाहिजेत. म्हणजे वार्षिक भार अडीच लाखांचा. वर्षाला १,००० रुग्ण तपासले, तर प्रत्येकी २५० रुपये, आणि २५० च तपासले तर प्रत्येकी १,००० रुपये. हा आकडा आधी मांडला नाही, तर यंत्र एक दिवस बंद पडते, त्यावर कापड टाकले जाते, आणि तारीख घेऊन खेड्यातून आलेल्या रुग्णाला एस.टी.चे भाडे खर्चून परत जावे लागते. नुकसान यंत्राचे होत नाही, त्या रुग्णाचे आणि त्याच्या विश्वासाचे होते.

९. आपल्या कायद्याची चौकट

देणगीदारांच्या माहितीसाठी दोन कायद्यांचा उल्लेख करणे आवश्यक आहे.

पहिला, परकीय योगदान नियमन कायदा, २०१०. २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय योगदान प्रथम नवी दिल्ली येथील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील विहित खात्यातच स्वीकारावे लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आली आहे आणि ही रक्कम अन्य संस्थेस वर्ग करता येत नाही. वस्तुरूपाने आलेले दानही या कायद्याच्या कक्षेत येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी बांधवांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान गणली जात नाही. परंतु परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची देणगी मात्र तशी गणली जाते. परदेशस्थ हितचिंतकांनी देणगी पाठविण्यापूर्वी आमच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा, ही विनंती यासाठीच.

दुसरा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. त्याच्या कलम ४१ कक अन्वये व मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण देयकाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. पैसे देऊ शकणाऱ्याच्या उत्पन्नातून न देऊ शकणाऱ्याची सेवा, हे मदुराईचे तत्त्व आपल्याकडे कायद्यानेच घातलेले आहे. फरक इतकाच की, तेथे ते रुग्णालयाच्या रचनेत विणलेले आहे. आपणही ते केवळ कायद्याची पूर्तता म्हणून न पाहता अंदाजपत्रकाचा पाया म्हणून पाहावे.

१०. विश्वस्त मंडळापुढे ठेवलेल्या कसोट्या

वरील अभ्यासावरून कोणतेही परकीय सहकार्य स्वीकारताना पुढील सहा प्रश्न विचारावेत, अशी शिफारस आम्ही विश्वस्त मंडळास केली आहे :

१) ही गरज आपण स्वतः, आपल्या रुग्णनोंदींवरून ठरविलेली आहे काय? की देणाऱ्याजवळ ती वस्तू उपलब्ध आहे म्हणून ती गरज वाटू लागली?

२) यंत्राबरोबर प्रशिक्षण येणार आहे काय? आणि ते एका व्यक्तीस न मिळता निदान तिघांस मिळणार आहे काय? एक तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला, तर यंत्र थांबता कामा नये.

३) सुटे भाग, उपभोग्य साहित्य व दुरुस्ती भारतात, शक्यतो महाराष्ट्रातच मिळते काय?

४) देखभाल व घसारा धरून प्रत्येक रुग्णामागे येणारा खर्च किती? तो आपल्या शुल्कातून व निर्धन रुग्ण निधीतून भागेल काय?

५) निर्णयाचा व हिशेबाचा अधिकार आपल्या विश्वस्त मंडळाकडे राहणार आहे काय?

६) साहाय्य उद्या थांबले, तर सेवा परवा चालू राहील काय?

सहाव्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी नसेल, तर प्रस्ताव फेटाळावा असे आमचे म्हणणे नाही. तो प्रस्ताव बदलून मागावा. एका मोठ्या यंत्राऐवजी आपल्या दोन परिचारिका व एका तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणाचा खर्च मागता येईल. पाहुण्या शल्यविशारदांनी आपल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्याऐवजी आपल्या तरुण डॉक्टरांजवळ उभे राहून त्यांच्याकडून त्या करून घ्याव्यात, अशी विनंती करता येईल. मदुराईतील मंडळींनी भिंगांऐवजी भिंगाची विद्या मागितली, त्या वेळी त्यांचे रुग्णालय स्थापन होऊन पंधरा-सोळा वर्षेच झाली होती. मागणे योग्य असेल, तर देणाराही त्याचा आदर करतो, हे या उदाहरणातून दिसते.

समारोप

आंतरराष्ट्रीय सहकार्य नको, असा या लेखाचा आशय कोणी काढू नये. रिडले यांची कल्पना इंग्लंडातील, तंत्रज्ञान अमेरिकेतील, प्रेरणा देवीरोग निर्मूलनाच्या जागतिक मोहिमेतील, आणि त्यातून दृष्टी लाभली ती तामिळनाडूच्या, नेपाळच्या, आफ्रिकेच्या आणि महाराष्ट्राच्या खेड्यांतील माणसांना. विद्येला सीमा नसावी, हेच खरे. मात्र आलेली विद्या आपल्या माणसांच्या हातात आणि तिचा खर्च आपल्या जमाखर्चात बसला पाहिजे. तसे झाले तरच व्यवस्था सुधारते, आणि सुधारलेली व्यवस्था टिकते.

 वरील प्रश्न परदेशस्थ हितचिंतकांपुढेही ठेवण्यात येत असून, त्यांच्याशी विचारविनिमय करून तयार होणारा सुधारित प्रस्ताव वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडण्याचा आमचा मानस आहे. सभासदांनी हा लेख वाचून आपल्या सूचना सभेपूर्वी कार्यालयाकडे लेखी कळवाव्यात. प्रत्येक सूचनेचा विचार केला जाईल, अशी ग्वाही देतो.